वरातीतला सॅक्सोफोन आणि मनोहारी सिंग

मोरोपंतांच्या बारामतीत आर्यांविषयी बोलावे, नीरेच्या डाव्या कालव्याविषयी बोलावे, उसाविषयी तर बोलावेच बोलावे, पण सॅक्सोफोनविषयी? "अहो सर, हे कुठलं परदेशी खूळ काढलंत?" असे कोणी विचारील. जरूर विचारावे. पण विचारणाऱ्याने आधी मागची लग्नसराई आठवावी. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला होता, पुढे बँड वाजत होता. त्या बँडच्या पहिल्या रांगेत एकाच्या गळ्यात पट्ट्याने अडकवलेले, हत्तीच्या सोंडेसारखे खाली जाऊन पुन्हा वर वळलेले पितळी वाद्य होते की नाही? इंदापूर काय, भिगवण काय, निमगाव केतकी काय, बरा बँड म्हटला की त्यात हे वाद्य असायचेच. तोच सॅक्सोफोन. बँडवाले नुसते 'सॅक्स' म्हणतात.

हे वाद्य आपल्या वरातीत आले कसे, आणि ते ज्या लाडिक, घसरत्या, थोड्या नशिल्या ढंगाने वाजते तो ढंग आला कुठून, एवढेच आज सांगायचे आहे. त्या ढंगाची वाट मागे मागे शोधत गेलो की एका माणसापाशी येऊन आपण थांबतो. त्यांचे नाव मनोहारी सिंग. जन्म ८ मार्च १९३१, कलकत्ता. मृत्यू १३ जुलै २०१०, मुंबई. हे नाव तुम्ही कदाचित प्रथमच ऐकत असाल, पण त्यांचा सूर तुम्ही शेकडो वेळा ऐकलेला आहे, ह्याविषयी मला शंका नाही.

आधी वाद्य समजून घेऊ. अडॉल्फ साक्स नावाचा एक बेल्जियन कारागीर होता. त्याने पॅरिसमध्ये १८४६ साली ह्या वाद्याचे पेटंट घेतले आणि आपले आडनावच त्याला देऊन टाकले. फ्रान्सच्या लष्करी बँडमध्ये ते लागले, तरी बिचाऱ्या साक्सचे पुढे तीनदा दिवाळे निघाले. आता मौज पाहा. सॅक्सोफोन पितळेचा, पण पाश्चात्त्य वर्गवारीत तो कॉर्नेट-ट्रंपेटच्या पितळी कुटुंबात बसत नाही. तो बसतो क्लॅरिनेटच्या, म्हणजे लाकडी वाद्यांच्या कुटुंबात. कारण त्याचा आवाज ओठांच्या थरथरीने निघत नाही, तोंडाशी बांधलेल्या पत्तीने निघतो. ही पत्ती आपल्या बोरूसारख्या पोकळ काडीच्या वनस्पतीपासून तासून काढतात. सनईलाही पत्तीच असते, फक्त ती दुहेरी, सॅक्सोफोनला एकेरी. शिवाय सनईची नळी जशी तोंडापाशी निमुळती आणि खाली रुंद होत जाते, तशीच सॅक्सोफोनचीही. तेव्हा नाते लावायचेच झाले तर सॅक्सोफोन हा आपल्या सनईचा दूरचा, अंगाने थोराड असा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही.

ह्या वाद्यावर वीसहून अधिक चाव्या असतात. बोटाने चावी दाबली की भोक झाकते किंवा उघडते. चाव्यांमुळे सूर ठरलेले, पेटीसारखे बारा. मग त्यातून मींड कशी निघणार? निघते ती ओठांतून. खालच्या ओठाचा दाब किंचित सैल केला की सूर खाली सरकतो, घट्ट केला की वर चढतो. श्वास, ओठ आणि बोटे ह्यांचा मेळ ज्याला साधला तो ह्या लोखंडी-पितळी यंत्राला गळ्यासारखे बोलके करतो. ज्याला साधला नाही त्याचा सॅक्सोफोन रेड्यासारखा हंबरतो. दोन्ही प्रकार आपण ऐकलेले आहेत.

आता जॅझ. पुष्कळांच्या मते जॅझ म्हणजे गोंगाट. तसे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स म्हणून एक बंदर आहे. तिथे गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी विसाव्या शतकाच्या तोंडाशी हे संगीत घडवले. कापसाच्या शेतात राबताना म्हटलेली गाणी (आपल्याकडच्या मोटेवरच्या गाण्यांसारखी), चर्चमधली भजने आणि रस्त्यावरचा बँड, असे तिन्ही त्यात मिसळले. तिथे माणूस गेला तरी बँड लागे. स्मशानाकडे जाताना संथ, दुःखी चाल आणि परतताना उडती. म्हणजे जॅझचा पाळणाही रस्त्यावरच्या बाजाच्या दोरीनेच हलला आहे.

जॅझमध्ये मुख्य गोष्ट अशी, की ठरलेली चाल एकदा वाजवायची आणि मग वादकाने तिच्या अंगाने स्वतःच्या मनाचे, त्या क्षणी सुचेल ते वाजवायचे. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापुरास येते. त्या मुक्कामी कीर्तन तुम्ही ऐकले असेल. कीर्तनकार अभंगाचे ध्रुपद धरतो, मग दृष्टान्त सांगत कुठल्या कुठे जातो, आणि आपल्याला वाटते की बुवा आता हरवले, तोच टाळावर नेमके ध्रुपद पकडतात! मंडळी माना डोलावतात ती त्या परत येण्याला. जॅझचा वादक हेच करतो. कोलमन हॉकिन्स ह्या सॅक्सोफोनवादकाने १९३९ साली 'बॉडी अँड सोल' नावाच्या गाजलेल्या गाण्याची तबकडी काढली. तिच्यात मूळ चाल जेमतेम सुरुवातीला चाटून जाते, बाकी सारे त्याचे स्वतःचे. लोकांनी ती डोक्यावर घेतली. त्याच्यासारख्यांमुळे सॅक्सोफोन हे जॅझचे मानाचे वाद्य झाले. जॅझची आणखी एक खूण सांगतो. त्यातला गंधार पुष्कळदा धड कोमलही नसतो नि शुद्धही नसतो. दोहोंच्या मध्ये कुठेतरी कण्हत असतो. आपल्या कानाला तो परका वाटत नाही, ह्याचे कारण असे मधले सूर आपल्या गाण्यात पहिल्यापासून आहेत.

एवढी तयारी पुरे. आता मनोहारी सिंगांकडे वळू.

घराणे मूळ नेपाळचे, आणि घरात वारसा बँडचाच. कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी बाटा कंपनीने १९३०च्या दशकात जोड्यांचा कारखाना काढला आणि त्याच्याभोवती बाटानगर वसवले. ते कसे असेल हे इंदापूर तालुक्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आपले वालचंदनगर डोळ्यांसमोर आणा: कारखाना, भोवती कामगारांच्या चाळी, शाळा, दवाखाना, खेळाचे मैदान. बाटानगरात ह्यांच्या जोडीला कंपनीचा स्वतःचा बँड होता. दहाबारा वर्षांचे मनोहारी त्या बँडमध्ये दाखल झाले. बँडचे संचालक जोसेफ न्यूमन नावाचे हंगेरियन गृहस्थ होते. त्यांनी ह्या मुलाला बासरी शिकवली, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवले. कानाने शिकणारे वादक आपल्या देशात पोत्याने सापडत. पण समोर ठेवलेला कागद पाहून, आधी न ऐकलेली चाल पहिल्याच खेपेस बिनचूक वाजवणारे विरळा. हा एक गुण मनोहारी सिंगांना पुढे जन्मभर पुरला.

न्यूमन पुढे कलकत्त्याच्या एच. एम. व्ही. कंपनीत गेले आणि ह्या शिष्यालाही त्यांनी तिकडे ओढले. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. कलकत्त्यात अमेरिकन सैनिकांचा तळ पडलेला, त्यांच्याबरोबर जॅझच्या तबकड्या आलेल्या. चौरंगीवरची हॉटेले रात्ररात्र वाजत होती. टेडी वेदरफर्ड हा नामांकित अमेरिकन निग्रो पियानोवादक (त्या काळचा हा शब्द, आज आपण कृष्णवर्णीय म्हणू) कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजवत असे, आणि १९४५ साली पटकीने तिथेच वारला. अशा शहरात हा मुलगा वाढला. पुढे त्याच चौरंगीवरच्या फिरपोज नावाच्या हॉटेलात त्यांना वादकाची नोकरी लागली. बासरी आणि क्लॅरिनेट हातात होतेच. नाचाच्या वाद्यवृंदाला सॅक्सोफोन हवा म्हणून तोही त्यांनी उचलला, आणि तो बहुतेक स्वतःच्या स्वतः शिकले.

इथे मला थोडे थांबायचे आहे. आपण 'प्रभाव' म्हटले की एखाद्या थोर गुरूचे नाव शोधतो. पण मनोहारी सिंगांचे खरे गुरू म्हणजे त्यांची नोकरी, असे माझे मत आहे. दिवसा रेकॉर्डिंग कंपनीत बंगाली गाण्यामागे वाजवायचे, तिथे सूर गायकाच्या शब्दाला धक्का न लावता जपून लावायचा. रात्री हॉटेलात नाचाच्या तालावर वाजवायचे, तिथे मोकळे सुटायचे. एकाच ओठांना दोन्ही सवयी लागल्या. पुढे त्यांच्या सॅक्सोफोनमध्ये जी अदब आणि जो खट्याळपणा एकत्र ऐकू येतो, त्याचे मूळ ह्या दुहेरी मजुरीत आहे.

मुंबईत त्याआधीच जमीन नांगरून तयार होती. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला जॅझचा वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, आणि मुंबईतले गोवेकर वादक त्या वाऱ्याने भारून गेले. गोव्यात चर्चच्या शाळेतच मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्यामुळे ही मंडळी मुंबईला येत ती कागद वाचायला शिकूनच. त्यांच्यापैकी अँटोनिओ झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' ह्या टोपणनावाने ट्रंपेटवर गाजले. मुंबई राज्यात १९५०च्या सुमारास दारूबंदी आली, हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या, आणि हे वादक पोटासाठी बोलपटांच्या स्टुडिओत अधिकाधिक शिरू लागले. तिथे त्यांना हात दिला तो आपल्याच एका मराठी माणसाने. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. १९५१च्या 'अलबेला' मधली त्यांची नाचरी गाणी आठवा. त्या बोलपटात चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक पडद्यावरसुद्धा दिसतात. भगवानदादांच्या पावलांमागे न्यू ऑर्लिन्सचा ठेका होता, हे टाळ्या पिटणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

१९५८ साली संगीतकार सलील चौधरींच्या आग्रहावरून मनोहारी सिंग मुंबईत आले. त्यांच्याबरोबर चेलो वाजवणारे बासुदेव चक्रवर्तीही आले. त्याच वर्षीच्या 'सितारों से आगे' ह्या सचिनदेव बर्मनांच्या बोलपटात त्यांच्या सॅक्सोफोनला प्रथम वाव मिळाला. मग मात्र मागणी थांबली नाही. शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर, बर्मन पितापुत्र, ज्याला सॅक्सोफोन हवा तो निरोप धाडी मनोहारींना.

त्यांची काही गाणी सांगतो. नुसती नावे म्हणून नव्हे, त्यांतून काय ऐकायचे ते कळावे म्हणून.

१९६४चा 'काश्मीर की कली'. शम्मी कपूर मद्यालयात झिंगलेला आहे आणि मोहम्मद रफी 'है दुनिया उसी की' गात आहेत. गायकाच्या दोन ओळींच्या मध्ये जो सॅक्सोफोन येतो तो पाहा. सुरावर सरळ येऊन आदळत नाही. खालून येतो, सुराच्या उंबऱ्यावर अडखळतो आणि मग आत शिरतो. तोल जाणारा माणूस भिंत धरून चालतो, तसा. अभिनय शम्मी कपूरचा खरा, पण झिंग पुष्कळशी वाद्याची आहे.

पुढच्याच वर्षी 'आरजू' मध्ये लताबाईंचे 'बेदर्दी बालमा' आले. तिथे तेच वाद्य, तोच माणूस. पण झिंगेचा मागमूस नाही. लांब श्वास, सूर लावला की तो हळूहळू विरत नेलेला, जणू विरहिणीला कुणी दुरून ओ देत आहे. लताबाई बोलतात तेव्हा वाद्य गप्प. त्या श्वास घेतात तेव्हा ते एक वाक्य म्हणते. जॅझमध्ये गायकाच्या मागे अशी उत्तरे देत वाजवण्याची मोठी परंपरा आहे. आपल्याकडे लावणीत ढोलकीवाला नाही का बाईच्या बोलाला जबाब देत? तोच प्रकार, फक्त कुजबुजीच्या आवाजात.

त्याच १९६५ सालच्या 'गाईड' मध्ये किशोरकुमार आणि लताबाईंचे 'गाता रहे मेरा दिल' आहे. हे मला विशेष वाटते. तोवर बोलपटांत सॅक्सोफोन वाजला की समजावे, कुठेतरी दारूचा गुत्ता, नाहीतर खलनायकाचा अड्डा आला! इथे भर उन्हात, मोकळ्या माळावर, प्रेमाच्या आनंदात तो वाजतो. मनोहारी सिंगांनी त्या वाद्याला सभ्य वस्तीत घर मिळवून दिले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आणि माझा तर्क असा, की एकदा घर मिळाल्यावरच ते लग्नाच्या मांडवापर्यंत येऊ शकले.

१९६९च्या 'आराधना' मधले 'रूप तेरा मस्ताना' सगळ्यांना पाठ आहे. बाहेर पाऊस, आत शेकोटी; सारे गाणे कॅमेरा न थांबवता एका दमात चित्रित केलेले. त्यात केरसी लॉर्ड ह्या पारशी वादकाचा अ‍ॅकॉर्डियन आणि मनोहारींचा सॅक्सोफोन असे दोन सूर एकमेकांभोवती फिरतात. पडद्यावर जे दाखवता येत नव्हते ते ह्या दोघांनी ऐकवले, एवढेच सांगतो. शिक्षकांसमोर अधिक काय बोलणार!

हे सगळे ध्वनिमुद्रण कसे होई, तेही समजून घेण्यासारखे आहे. आज एकेक वाद्य निराळे मुद्रित करून मागाहून जोडतात. तेव्हा तसे नव्हते. ताडदेवचे फिल्म सेंटर किंवा महालक्ष्मीचे फेमस अशा स्टुडिओत पन्नास-पन्नास वादक आणि गायक एकाच वेळी जमत आणि गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात होई. शेवटच्या कडव्यात एखादा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. गायक थकलेला, निर्माता घड्याळाकडे पाहतोय, आणि तुमच्या वाट्याला अवघे पाच सेकंदांचे चार सूर. ते चार सूर दहाव्या वेळीही पहिल्याइतके ताजे लागले पाहिजेत. जॅझवाला दहाही वेळा वेगळे वाजवील. बोलपटाच्या वादकाला दहाही वेळा तेच वाजवावे लागे, पण ऐकणाऱ्याला मात्र ते आत्ताच सुचल्यासारखे वाटले पाहिजे. हा अवघड समेट आहे, आणि मनोहारी सिंगांची सारी कारकीर्द त्या समेटावर उभी आहे.

राहुलदेव बर्मन स्वतंत्रपणे संगीत देऊ लागल्यावर त्यांचे तीन साहाय्यक ठरले: बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि आपले मारुतीराव कीर. कीर मराठी, तालाची बाजू त्यांच्याकडे. सुरावटींची मांडणी पहिल्या दोघांकडे. एक बंगाली, एक नेपाळी, एक मराठी. एका गाण्यासाठी तीन मुलुख राबत होते. बासू-मनोहारी ह्या जोडीने स्वतःच्या नावावरही थोडे संगीत दिले. १९७६चा 'सबसे बडा रुपय्या' त्यांचा. पण त्यांचा पिंड संगीतकाराचा नव्हता, वादकाचा होता.

मनोहारी सिंगांनी जॅझ सोडून चूक केली का? असा प्रश्न जॅझचे अभिमानी विचारतात. त्यांना दुसरी वाट दाखवता येते. गोव्यात तिसवाडीतल्या नेवरे गावचे ब्राझ गोन्साल्विस हेही सॅक्सोफोनवादकच, आणि वयानेही साधारण त्यांच्याच पिढीचे. त्यांनी जॅझची वाट धरून ठेवली. कलकत्त्याच्या ब्लू फॉक्स हॉटेलात पियानोवादक लुई बँक्स ह्यांच्याबरोबर ते वाजवीत. आपल्या रागांचे सूर जॅझमध्ये आणण्याचा प्रयत्न त्यांनी मनापासून केला. १९७०च्या 'राग रॉक' ह्या त्यांच्या तबकडीच्या नावातच तो दिसतो. चिक चॉकलेट ह्यांचे ते जावई. जाणकार त्यांना फार मानतात, पण आपल्या गावात त्यांचा सूर पोचला नाही. १९७८ साली मुंबईच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' नावाचा मोठा महोत्सव सुरू झाला. तिथे अमेरिकेचे सॉनी रॉलिन्स येऊन सॅक्सोफोन वाजवून गेले. हे रॉलिन्स १९६०च्या दशकाच्या अखेरीस पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिलेले. ध्यानात मन लागत नाही अशी तक्रार त्यांनी केली, तेव्हा तुझे वाद्य वाजवणे हेच तुझे ध्यान, असे स्वामींनी त्यांना सांगितल्याचे ते स्वतःच सांगत. तर अशी ही दुसरी वाट. तिला मान आहे, तिच्यात स्वातंत्र्य आहे, श्रोते मात्र हजार-दोन हजार. मनोहारी सिंगांना मोजून पाच सेकंद मिळाले, पण ते पाच सेकंद भवानीनगरच्या ऊसतोड मजुराच्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचले. दोहोंपैकी कुठले मोठे, हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवण्याची गरजही वाटत नाही.

पोचला तो सूर. नाव पोचले नाही. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर बोलपटाचे नाव असे, गायकाचे, संगीतकाराचे असे. वाजवणाऱ्याचे नाव छापण्याची रीत नव्हती. रेडिओवरचा निवेदक कागदावर असेल तेच सांगणार. पडद्यावरच्या नामावळीतही साध्या वादकांना जागा नसे.

इंदापूरच्या बाजूला एका वयस्क बँडमास्तरांशी माझे बोलणे झाले. 'रूप तेरा' चा तुकडा ते सॅक्सोफोनवर बेताबात, छान वाजवतात. मी विचारले, "हे कुणाकडून शिकलात?"

"वडलांकडनं."

"आणि वडील?"

"रेडिओ ऐकून. जत्रंत तंबूचा शिनेमा यायचा, तितं चार-चार खेळ बसायचे. बघायला न्हाई, आयकायला."

"मग रेडिओत हे कोण वाजवतं, ते कधी विचारलं?"

ते हसले. म्हणाले, "सर, वाजवणाऱ्याचं नाव कोण विचारतं? लग्नपत्रिकेत मामाचं नाव असतंय, आचाऱ्याचं सुदिक एकांद्या येळंला लोक इचारत्यात. बँडवाल्याला सुपारी आन् इसार. नाव कशाला?"

न्यूझीलंडमधील एका विद्यापीठातले ग्रेगरी बूथ नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी २००५ साली भारतातल्या लग्नाच्या बँडांवर एक ग्रंथ लिहिला, आणि २००८ साली मुंबईच्या बोलपटांतल्या वादकांवर दुसरा. गावोगावच्या बँडमास्तरांना भेटून, म्हाताऱ्या झालेल्या वादकांच्या मुलाखती घेऊन. एकाच माणसाने हे दोन विषय एकामागून एक घ्यावेत, ह्यात मला नवल वाटत नाही. ते दोन विषय नाहीतच. ब्रिटिश पलटणीच्या बँडचा गणवेश, खांद्यावरची झालर, पितळी बटणे वरातीत आली. त्याच पलटणीच्या बँडची वाद्ये बाटानगरात गेली. एक शाखा स्टुडिओत गेली, एक मांडवात. पुढे मांडवातली शाखा स्टुडिओतल्या शाखेचे ऐकून ऐकून वाजवू लागली. आपल्याकडे हलगी-सनई पिढ्यान्पिढ्या सांभाळणाऱ्या मातंग आणि इतर वाजंत्री समाजांतल्या मंडळींनी ही परकी वाद्ये हाती घेतली, तीही बहुधा कागदाविना, निव्वळ कानावर. त्यांच्या कानाला गुरू होता, पण गुरूला चेहरा नव्हता.

दोन्ही शाखांवर पुढे सारखीच वेळ आली. साधारण १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून स्टुडिओत विजेचे कळफलकाचे वाद्य आले. एक माणूस बसून पन्नास वाद्यांचे आवाज काढू लागला, आणि वादकांचे बोलावणे कमी झाले. ४ जानेवारी १९९४ रोजी राहुलदेव बर्मन गेले. मनोहारी सिंग मात्र वाजवत राहिले. जुन्या गाण्यांच्या रंगमंचीय कार्यक्रमांतून ते उतारवयात लोकांसमोर आले, आणि ज्यांनी आयुष्यभर त्यांचा सूर ऐकला होता त्यांनी त्यांचा चेहरा तेव्हा प्रथम पाहिला. मांडवात ती वेळ डी. जे.च्या भिंतींनी आणली. पंधरा-वीस माणसांच्या बँडला द्यायचे पैसे एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या कर्ण्यांना दिले की काम भागते, असे लोकांना वाटू लागले. त्या बँडमास्तरांनी सॅक्सोफोन अजून विकलेला नाही. पण पत्ती मिळवायला पुण्याला जावे लागते, आणि मुलगा कारखान्यावर कामाला लागला आहे.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक साधी गोष्ट सुचवतो. ह्या गाण्यांपैकी कुठलेही एक वर्गात लावा. आज हातातल्या फोनवर ते क्षणात सापडते. पहिल्या खेपेला मुलांना फक्त शब्द ऐकू द्या. दुसऱ्या खेपेला सांगा, गायक गप्प झाला की बोट वर करा. तिसऱ्या खेपेला, त्या गप्प जागेत जे वाद्य बोलते त्यावर बोट वर करायला सांगा. 'गाता रहे मेरा दिल' घेतलेत तर सोपे जाईल. 'बेदर्दी बालमा' थोडे अवघड, कारण तिथे वाद्य शब्दाच्या शेपटाला धरून हळूच येते आणि मुले शब्दातच अडकलेली असतात. चौथ्या खेपेला फळ्यावर बोलपटाचे नाव, साल, गायक, संगीतकार आणि गीतकार लिहा, आणि खाली एक ओळ वाढवा: सॅक्सोफोन, मनोहारी सिंग. वर्गात एखादे पोरगे बँडवाल्याच्या घरचे असेल. त्याला विचारा, तुमच्याकडे हे कोण वाजवतं? ते नावही त्याच फळ्यावर लिहा.